लॉबीत जमलेली मैत्री: एकत्र गेम खेळल्याने दोस्ती कशी टिकते

बीजीएमआय, म्हणजे फोनवर चौघांची टीम करून खेळायचा बंदुकांचा गेम, पब्जी मोबाइलचा भारतातला अवतार. त्याची एक मॅच, शेवटपर्यंत टिकलात तर, साधारण अर्धा तास चालते. त्या अर्ध्या तासात प्रत्यक्ष गोळीबार किती वेळ होतो, हे एकदा घड्याळ लावून बघा. फार थोडी मिनिटं निघतील. बाकीचा वेळ जातो विमानात बसून 'कुठं उतरायचं, पोचिंकी नको, तिकडे गर्दी असते' असा वाद घालण्यात. मग पॅराशूटने खाली यायचं, रिकाम्या घरांत शिरून बंदुका, बँडेज, हेल्मेट गोळा करायचं. 'माझ्याकडे स्कोप जास्तीचा आहे, कुणाला हवाय?' 'झोन येतोय, गाडी बघा,' कारण खेळायची सुरक्षित जागा आक्रसत जाते आणि बाहेर राहिलं तर मरतो. चौघं एका गाडीत बसतात आणि आठ बाय आठ किलोमीटरच्या त्या नकाशावर दोन-तीन मिनिटं नुसता प्रवास चालतो. त्या प्रवासात कुणीतरी सहज बोलून जातं, "अरे, बाबांचं ऑपरेशन ठरलंय पुढच्या आठवड्यात."

बाहेरून बघणाऱ्याला गोळीबार दिसतो. आई खोलीत डोकावते तेव्हा स्क्रीनवर बंदूक असते आणि पोरगा 'मार, मार, उजवीकडे' ओरडत असतो. गाडीतलं ते वाक्य तिच्या कानावर येत नाही. माझ्या मते एकत्र गेम खेळण्यातून जी मैत्री जमते आणि टिकते, ती बरीचशी या मधल्या, वरवर रिकाम्या दिसणाऱ्या वेळात. गेम त्या वेळाला निमित्त देतो आणि माणसांना तिथे धरून ठेवतो. हे कसं घडतं, ते जरा सविस्तर बघू.

तासांचा हिशेब

मैत्री म्हणजे मनं जुळणं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण मनं जुळायला आधी वेळ लागतो आणि तो चांगलाच लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली या वेळाचा हिशेब मांडला. नव्या गावात राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी यांच्या माहितीवरून त्यांनी काढलेले आकडे असे: ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, 'हा माझा मित्र' म्हणण्याइतकी जवळीक यायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. यात एक मेख आहे. शेजारी बसून नुसतं काम केलं तर ते तास फारसे कामी येत नाहीत. गप्पा, टवाळक्या, एकत्र घालवलेला मोकळा वेळ, हे तास खरे उपयोगी पडतात.

शाळा-कॉलेजात हे तास आपोआप साठतात. बाक एक, बस एक, डबा एक. हॉस्टेलवर तर एका सत्रात दोनशे तास कधी उलटले ते कळतही नाही. मग कॉलेज संपतं. एकाला हिंजवडीत नोकरी लागते, एक एमपीएससीच्या मागे लागतो, एक जर्मनीला मास्टर्सला जातो, एक गावी घरचं दुकान बघतो. कुणी कुणाशी भांडलेलं नसतं. तास साठायचे थांबतात, एवढंच.

आणखी एक जुना अभ्यास इथे उपयोगी पडतो. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट नावाच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री झाली याचा शोध घेतला आणि १९५० साली तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं की कुणाचं दार कुणाच्या दाराशेजारी आहे, यावर मैत्री फार अवलंबून होती. जिन्याजवळच्या घरांतल्या लोकांच्या ओळखी अधिक झाल्या, कारण वर-खाली जाणारे लोक त्यांना येता-जाता भेटायचे. मुद्दाम ठरवून नाही, असंच. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे पटायला अभ्यासाची गरज नाही.

आता नोकरीला लागलेल्या त्या चौघांकडे परत बघा. त्यांची दारं शेजारी नाहीत. ठरवल्याशिवाय भेट नाही आणि ठरवायचं म्हटलं की कुणाची तरी अडचण असतेच. राहतो फोन. तर फोनची गंमत अशी की फोन करायला कारण लागतं. 'काय म्हणतोस?' 'काही नाही रे, चाललंय. तुझं?' 'चाललंय.' तिसऱ्या मिनिटाला दोघांनाही कळेनासं होतं की पुढे काय बोलावं. दोघांना एकमेकांबद्दल आपुलकी असते, पण बोलायला हाताशी काही नसतं. असे दोन-चार फोन झाले की पुढचा फोन लांबतो, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांवर गाडी येऊन थांबते.

रॉबिन डनबार हे ऑक्सफर्डचे निवृत्त प्राध्यापक. माणूस साधारण १५० जणांशीच खरे संबंध राखू शकतो, हा प्रसिद्ध सिद्धांत त्यांचा. त्यांनी आणि सॅम रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमध्ये शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या ३० मुलामुलींच्या जुन्या मैत्रीचं काय होतं, यावर दीड वर्ष नजर ठेवली. २०१५ साली त्यांनी जे मांडलं ते मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मुलींची जुनी मैत्री बोलत राहिल्याने टिकली. मुलांच्या बाबतीत नुसत्या बोलण्याने फारसा फरक पडला नाही. त्यांनी मिळून काहीतरी केलं, खेळले, भटकले, एकत्र वेळ काढला, तरच जवळीक कायम राहिली. तीसच जणांचा अभ्यास आहे, आणि मुलगा-मुलगी अशी सरळ रेघ प्रत्येकाला लागू पडत नाही, हे मान्यच. तरी 'मुलं फोन करत नाहीत, पण गेमवर रोज भेटतात' याचा उलगडा त्यातून होतो. त्यांना फोनवर 'काय करायचं' हा प्रश्न पडतो. गेममध्ये तो पडत नाही.

दर शनिवारी दोन तास खेळलं तर वर्षाला शंभराच्या वर तास होतात. हॉल यांच्या हिशेबाने दोन वर्षांत जिवलग. आणि जे आधीच जिवलग आहेत, त्यांचं खातं बंद पडत नाही.

नजर स्क्रीनवर, कान एकमेकांकडे

समोरासमोर बसून मनातलं सांगणं अनेकांना जड जातं. आपल्याकडच्या पुरुषांना तर फारच. 'मला नोकरीचं टेन्शन आलंय' हे वाक्य मित्राच्या डोळ्यांत बघून म्हणायला एक धीर लागतो, आणि समोरच्यालाही त्यावर काय बोलावं ते सुचत नाही. तेच मोटारसायकलवर मागे बसून सांगितलं की सहज निघतं. नजर रस्त्यावर असते.

गेममध्ये नेमकं हेच होतं. दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असते. बोलता बोलता थांबलात तरी ती शांतता टोचत नाही, कारण हात चालू असतात. फोनवर पाच सेकंद गप्प राहिलं की 'हॅलो, आहेस का?' येतं. गेममध्ये दोन मिनिटं गप्प राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. जड विषय निघाला आणि नको झालं तर 'थांब, समोर कुणीतरी आहे' म्हणून तो तिथेच सोडता येतो, आणि पुढच्या आठवड्यात जिथे सोडला तिथून पुन्हा उचलता येतो. कुणाला उत्तर द्यायची सक्ती नाही, ऐकणाऱ्याला सल्ला द्यायची सक्ती नाही.

डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप २०१५ साली आलं आणि त्याने आणखी एक सोय करून दिली. तिथे आवाजाची एक खोली कायम उघडी असते. आत कोण बसलंय ते बाहेरून दिसतं. घंटी वाजत नाही, उचल म्हणावं लागत नाही. दिसला कुणी ओळखीचा तर आत शिरायचं, नसेल बोलायचं तर पुढे जायचं. गेमच्या मित्रयादीत नावापुढे दिसणाऱ्या 'ऑनलाइन'चा उपयोगही असाच. वेस्टगेटच्या जिन्याजवळ जे घडत होतं, ते इथे घडतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली घर आणि कामाची जागा सोडून माणसाला लागणाऱ्या 'तिसऱ्या जागे'बद्दल लिहिलं होतं: चहाचं दुकान, न्हाव्याचं दुकान, जिथे कुणीही यावं, बसावं, उठून जावं. आपल्याकडे त्याला कट्टा म्हणतात. २००६ साली कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि दिमित्री विल्यम्स या अभ्यासकांनी दाखवलं की ऑनलाइन गेम नेमके अशाच जागेचं काम करतात.

एकट्याने जमणार नाही अशी सोय

नुसता वेळ पुरत नाही. लोकलमध्ये रोज तीच माणसं भेटतात, पण सगळ्यांशी मैत्री होत नाही. एकमेकांची गरज लागावी लागते.

बीजीएमआयमध्ये गोळी लागून खाली पडलात की लगेच मरत नाही. 'नॉक' होता, गुडघ्यावर सरपटता. ठरावीक वेळात साथीदाराने येऊन 'रिव्हाइव्ह' दिलं तर वाचता. ते द्यायला त्याला काही सेकंद तुमच्या शेजारी बसून राहावं लागतं, आणि तेवढा वेळ त्याला स्वतःला गोळी लागू शकते. 'मी पडलो, तू नको येऊ, मरशील.' 'गप्प बस, स्मोक टाकतो, येतोय.' हे संवाद खेळातले असले तरी आपल्यासाठी कोण धावून आला हे लक्षात राहतं. कोण पळून गेला हेही राहतं, आणि पुढचा महिनाभर त्याला ते ऐकावं लागतं.

स्मार्टफोनच्या आधीची पिढी हे नेटकॅफेत शिकली. दोन हजारच्या दशकात पुणे, मुंबई, कोल्हापूर, औरंगाबाद, कुठल्याही गावात तासाला दहा-वीस रुपये देऊन पोरं ओळीने कॉम्प्युटरवर बसायची आणि काउंटर-स्ट्राइकचा 'डस्ट टू' नकाशा सुरू व्हायचा. त्या गेममध्ये दर फेरीला पैसे मिळतात आणि त्यातून बंदूक घ्यायची असते. ज्याच्याकडे पैसे संपलेत त्याला दुसरा बंदूक घेऊन देतो: विकत घ्यायची आणि जमिनीवर टाकायची, त्याने उचलायची. 'गन टाक रे एक' हे वाक्य त्या कॅफेत रोज शंभरदा ऐकू यायचं. हॉस्टेलच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर, एज ऑफ एम्पायर्स हा राज्य उभारायचा गेम खेळताना 'लाकूड पाठव थोडं, माझ्यावर हल्ला झालाय' हेही तसंच. देणं-घेणं आलं की हिशेब आला, हिशेबातून भरवसा आला. शेवटी कुणी कुणाला किती लाकूड दिलं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, पण हा देतो आणि हा देत नाही हे पक्कं कळतं.

माणसं एकमेकांना मदत करतील की त्रास देतील, हे बरंचसं गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे २०१२ साली आलेला 'जर्नी'. वाळवंटातून एका डोंगराकडे चालत जायचं, एवढाच खेळ. वाटेत जगातला कुणी अनोळखी खेळाडू भेटतो. त्याचं नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. बनवणाऱ्यांचे प्रमुख जेनोव्हा चेन यांनी नंतर सांगितलं की सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडूंची शरीरं एकमेकांना धडकू शकत होती. हेतू चांगला होता, एकाने दुसऱ्याला चढायला हात द्यावा. लोकांनी काय केलं, तर एकमेकांना कड्यावरून ढकलून दिलं. मग त्यांनी धडकणं काढून टाकलं आणि असं केलं की दोघं जवळ आले की दोघांच्याही उपरण्यात उडायची शक्ती भरते. माणसं तीच, पण ढकलाढकली थांबली, आणि लोक थंडीवाऱ्यात एकमेकांना चिकटून चालायला लागले. खेळ संपल्यावर वाटेत कोण कोण भेटलं त्यांची नावं दिसतात, आणि अनेकांनी त्या नावांना शोधून पत्रं लिहिली.

वाट बघण्याची किंमत

हा भाग गेमच्या इतिहासातला आहे, पण मला जे म्हणायचं आहे ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

१९९९ साली एव्हरक्वेस्ट नावाचा गेम आला. हजारो लोक एकाच जगात एकाच वेळी खेळायचे. त्यात मांत्रिकाची शक्ती एका लढाईत संपायची आणि ती परत भरायला खाली बसून राहावं लागायचं, बराच वेळ. मोठा राक्षस एकट्याने मरायचा नाही, त्यामुळे गट करायलाच लागायचा, आणि मग सगळा गट एखाद्या कोपऱ्यात मांत्रिक ताजातवाना होईपर्यंत बसून असायचा. करणार काय? टाइप करून गप्पा. कुठला तू, काय करतोस, मुलं किती. अनेकांच्या मैत्रीची सुरुवात अशा बसून राहण्यातून झाली.

२००४ साली तशाच प्रकारचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला आणि फारच मोठा झाला. तिथेही सुरुवातीला राक्षसांच्या गुहेत शिरण्यासाठी पाच जणांचा गट जमवायला चॅटवर हाका माराव्या लागायच्या: 'एक मार झेलणारा हवाय, एक बरं करणारा हवाय.' मग सगळ्यांनी चालत त्या गुहेच्या दाराशी जमायचं. कटकटीचं होतं. पण आपल्या सर्व्हरवर, म्हणजे त्या जगाच्या आपल्या वाट्याच्या प्रतीत, लोक मर्यादित, त्यामुळे आज भेटलेला परवा पुन्हा भेटायचा. चांगला खेळला, नीट वागला तर त्याचं नाव व्हायचं. अर्ध्यातून पळाला तर तेही पसरायचं.

डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने सोय केली: एक बटण दाबा, यंत्रणा वेगवेगळ्या सर्व्हरवरून पाच जण शोधून देईल आणि थेट गुहेत सोडेल. लोकांना हेच हवं होतं, आणि ते वापरलंही भरपूर गेलं. पण आता सोबतचे चार जण पुन्हा कधीच भेटणार नव्हते. बोलायची गरज उरली नाही. नमस्कारही न करता गट जमायचा, वीस मिनिटांत काम व्हायचं, विखुरायचा. अनेक जुन्या खेळाडूंच्या मते जग तिथून ओकंबोकं झालं. त्यांची मागणी इतकी टिकून राहिली की २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने तो गेम जुन्या रूपात पुन्हा काढला, ते बटण नसलेला.

म्हणून मित्रांबरोबर खेळायला गेम निवडताना मी ग्राफिक्सच्या आधी एवढंच बघतो, यात बसून राहायला जागा आहे का. सतत हात चालवायला लावणारे गेम थरारक असतात, पण त्यात बोलणं होत नाही. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचं जग बांधायच्या गेममध्ये दगड फोडत तासभर गप्पा होतात.

ओस्लोतला मुलगा

वाचणाऱ्याला शंका येईल की आधीचे मित्र टिकतात हे ठीक, पण कधीच न भेटलेल्या माणसाशी खरी मैत्री होते का? स्टाइनक्युलर आणि विल्यम्स यांचं उत्तर सावध होतं. असे गेम पुष्कळ नव्या, वेगळ्या प्रकारच्या माणसांशी ओळखी करून देतात. जीव लावणारी, अडीअडचणीला उभी राहणारी नाती त्यातून आपोआप होतात असं नाही. बहुतेक ओळखी ओळखीच राहतात. पण कधी कधी होतं, आणि मग ते नातं इतर कुठल्याही नात्याइतकंच खरं असतं.

मॅट्स स्टेन हा नॉर्वेतला मुलगा. स्नायू हळूहळू निकामी करणारा डुशेन हा आजार त्याला जन्मापासून. मोठा होता होता व्हीलचेअर आली, मग हाताची बोटं हलतील तेवढीच उरली. तो दिवसचे दिवस वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा. शेवटच्या दहाएक वर्षांत पंधरा ते वीस हजार तास. आई-वडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला कुणी मित्र नाही, कुणावर प्रेम करता आलं नाही, कुणाच्या उपयोगी पडता आलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो गेला. वय २५.

वडिलांकडे त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड होता. तिथे त्यांनी मुलगा गेल्याचं लिहिलं आणि खाली स्वतःचा इमेल दिला. पत्रं यायला लागली. एक, मग दुसरं, मग युरोपभरातून. त्या जगात त्यांचा मुलगा इबेलिन नावाने ओळखला जायचा, 'स्टारलाइट' नावाच्या गटाचा सभासद होता, आणि लोकांचं ऐकून घेणारा म्हणून प्रसिद्ध होता. नेदरलँड्समधल्या एका मुलीच्या आई-वडिलांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला, तेव्हा त्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. डेन्मार्कमधल्या एका आईचं ऑटिस्टिक मुलाशी जमत नव्हतं. गेममधूनच त्याच्याजवळ जाऊन बघ, असं त्याने सुचवलं, आणि तिला आपला मुलगा गवसला. यातल्या बहुतेकांना तो आजारी आहे हे फार उशिरापर्यंत माहीतही नव्हतं. अंत्यविधीला गटातले काही जण वेगवेगळ्या देशांतून आले. त्यांच्यापैकी कुणी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं मन त्या आई-वडिलांवरच अडकलं. मुलावर त्यांचा जीव होता, ते रोज त्याच्या शेजारी होते, आणि तरी मुलाच्या आयुष्याचा हा एवढा भाग त्यांना दिसला नाही. 'किती वेळ खेळतोस' हे सगळे विचारतात. 'कुणाबरोबर खेळतोस, तो कसा आहे' हे विचारलं जात नाही, आणि ते विचारायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आपल्याकडे काय झालं

मार्च २०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा आपल्याकडे ज्या गेमने घरं जोडली तो बंदुकांचा नव्हता, लुडो किंग होता. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ साली बनवलेला. खोलीचा कोड व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि ठाण्याची मावशी, सांगलीचा मामा, दुबईचा भाऊ एका पटावर. सोंगटी घरी पाठवली म्हणून मावशी-भाच्यांची भांडणंही तशीच. नियम शिकवावे लागले नाहीत, म्हणून तीन पिढ्या एकत्र खेळल्या. फासे पडायची वाट बघावी लागते, त्या वाट बघण्यात 'तुमच्याकडे भाजी मिळते का, औषधं आहेत का' हे सगळं विचारून होत होतं.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. बंदीमागे सुरक्षेची कारणं होती, त्या वादात मी शिरत नाही. पण २०१८ पासून ज्यांनी रोज रात्रीची मॅच लावली होती, त्यांची भेटायची जागा गेली. जे आधीपासून वर्गमित्र होते ते दुसऱ्या गेमवर सरकले. ज्यांची ओळख गेममध्येच झाली होती आणि एकमेकांचे नंबर घेतले नव्हते, ते हरवले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही हटवला गेला, मे २०२३ मध्ये परतला. या धरसोडीतून गेलेल्या पोरांना एक गोष्ट कळली आहे: गेम आपल्या मालकीचा नाही. मैत्री ठेवायची तर गेमबाहेरही एक धागा लागतो, नंबर असो, ग्रुप असो, वर्षातून एकदा गाठभेट असो.

जिथे हे चालत नाही

मुलींचं वेगळं आहे आणि ते वाईट आहे. अनोळखी लोकांच्या लॉबीत माइक चालू केला की आवाज ऐकून सुरू होणारी शेरेबाजी, घाणेरड्या शिव्या, मागे लागणं. म्हणून अनेक जणी माइक बंद ठेवून खेळतात किंवा फक्त ओळखीच्यांबरोबरच खेळतात. आवाजच बंद असेल तर वर सांगितलेलं जवळपास काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. हे गेमचं अपरिहार्य लक्षण नाही. आपल्या स्क्वॉडमधला कुणी असं बोलत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करणं बाकी तिघांच्या हातात असतं.

पैसे लावून खेळायचे गेम या लेखात धरलेलेच नाहीत. समोरच्याने हरावं आणि त्याचे पैसे आपल्याकडे यावेत, यावर मैत्री उभी राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, ते बरं झालं.

आणि व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला आहे. त्याची खूण तासांची नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं, अशी ती व्याख्या आहे. मित्रांबरोबर खेळणाऱ्यालाही हे होऊ शकतं. 'तू नसशील तर टीम अडते' हा दबाव कधी कधी मित्रांचाच असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री 'एकच मॅच' म्हणून आग्रह करणारा मित्र ती रात्र तरी मित्रासारखा वागत नसतो. लहान मुलांच्या बाबतीत अनोळखी माणसाने फोटो मागणं, घरचा पत्ता विचारणं, 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू' म्हणणं, हे दिसलं की मोठ्यांनी लगेच मध्ये पडावं. मूल मोकळेपणाने सांगेल असं वातावरण घरात असेल तरच ते दिसेल.

गट टिकवायचा तर

विखुरलेल्या मित्रांचे गट मोडतात ते बहुधा वेळेवरून. 'कधीतरी खेळू' म्हटलं की खेळणं होत नाही. वार आणि वेळ ठरलेली हवी. शनिवारी रात्री नऊ ही भारतातली वेळ जर्मनीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ असते, म्हणजे तिघांनाही परवडते. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागे जातात तेव्हा एकदा नव्याने ठरवावं लागतं. याच आठवड्यात बरेच गट विस्कटतात.

लग्न झालं, मूल झालं की एक जण गळतोच. त्याला ग्रुपमधून वगळू नका आणि टोमणेही मारू नका. ऑटो-मॅचिंग बंद ठेवलं तर तिघांनाच खेळता येतं, अनोळखी चौथा मध्ये येत नाही. गळलेला मित्र पंधरा मिनिटं नुसता ऐकायला आला तरी येऊ द्या.

सगळ्यांना सारखं खेळता येत नाही, ही दुसरी अडचण. जो सारखा पहिला मरतो त्याला वीस मिनिटं बाकीच्यांचं बघत बसावं लागतं, आणि चौथ्या आठवड्यात तो येत नाही. अशा वेळी स्पर्धेचा गेम बदलून सहकाराचा घ्यावा. बायकोला, बहिणीला किंवा कधीच न खेळलेल्या मित्राला सोबत घ्यायचं असेल तर 'इट टेक्स टू' बघा. तो २०२१ साली आला, एकट्याने खेळताच येत नाही, आणि एकाने विकत घेतला की दुसऱ्याला त्याच्याबरोबर फुकट खेळता येतो. कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच यांपैकी काहीतरी लागतं. फक्त फोन असेल तर लुडो आहेच.